सुपाई : निळ्या पाण्याचे गाव

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या मराठी ज्येष्ठांच्या छायाचित्रांत ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा हमखास असतो. या अवाढव्य दरीच्याच एका फाट्यात, तळाशी, सुपाई नावाचे गाव आहे. तिथवर मात्र थोडेच पोहोचतात, कारण गावाला रस्ताच नाही. हुआलापाई हिलटॉप येथे गाडी ठेवून सुमारे १३ किलोमीटर चालत उतरावे लागते. नाहीतर घोडे-खेचरे किंवा हेलिकॉप्टर. गावाचे टपालही खेचरांच्या पाठीवरून येते आणि बाहेर जाणाऱ्या पत्रांवर तसा खास शिक्का बसतो.

गाव हावासुपाई या आदिवासी जमातीचे आहे. या नावाचा अर्थच 'निळ्या-हिरव्या पाण्याचे लोक'. येथील ओढ्याच्या पाण्यात चुन्याचे क्षार विपुल आहेत. त्यांच्यामुळे पाण्याला तो नवलाचा रंग येतो आणि तेच क्षार साचून धबधब्यांखाली नैसर्गिक कुंडे बांधली जातात. हावासू धबधबा सुमारे १०० फूट उंचीचा, तर पुढचा मूनी त्याच्या जवळजवळ दुप्पट.

उन्हाळ्यात दरीत मका, घेवडा, भोपळा पिकवायचा आणि हिवाळ्यात वरच्या पठारावर शिकारीला जायचे, असा या लोकांचा जुना क्रम होता. १८८२ साली सरकारने त्यांच्यासाठी अवघी ५१८ एकर जमीन ठेवली आणि पठार हातचे गेले. पुढे १९७५च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली, पण तोवर तीन-चार पिढ्या सरल्या होत्या. दक्षिण कड्यावरून उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवरील 'इंडियन गार्डन' हीदेखील त्यांचीच वस्ती. १९२८मध्ये तिथल्या शेवटच्या रहिवाशाला उठवण्यात आले. ते ठिकाण 'हावासुपाई गार्डन्स' म्हणून ओळखले जाऊ लागले ते थेट २०२२ साली!

आज जमातीचे मुख्य उत्पन्न पर्यटनाचे आहे. मात्र दाराची किल्ली तिने स्वतःकडे ठेवली आहे. मुक्कामाचे आगाऊ आरक्षण नसेल तर प्रवेश नाही, एका दिवसाची धावती भेटही नाही. मद्य आणि ड्रोन यांना बंदी आहे. २०१९मध्ये बाहेरच्या कंपन्यांच्या सहलीही थांबवण्यात आल्या. मार्च २०२०मध्ये करोनामुळे बंद केलेले दार फेब्रुवारी २०२३मध्येच उघडले. शेजारची पर्यटनस्थळे केव्हाच गजबजली असताना सुमारे तीन वर्षांचे उत्पन्न सोडणे लहान गावाला सोपे नव्हते. पण गावात साथ शिरली असती तर आजाऱ्यांना दरीबाहेर काढणे त्याहून अवघड होते.

ज्या पाण्याने पर्यटक येतात, तेच पाणी त्यांना पळवूनही लावते. ऑगस्ट २००८च्या पुरात ओढ्याने पात्र बदलले आणि नवाहो धबधबा कोरडा पडला. ऑक्टोबर २०२२मध्ये पूल व वाटा वाहून गेल्या. ऑगस्ट २०२४च्या पुरात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

पुराच्या खुणा निदान डोळ्यांना दिसतात. जमातीला अधिक धास्ती आहे ती पठारावरील युरेनियमच्या खाणीची. २०२३मध्ये आसपासच्या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळून तेथे नव्या खाणींना मज्जाव झाला. पिनियन प्लेन ही खाण मात्र जुन्या हक्कांमुळे वगळली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू झाले. भूजलाला धोका नाही, असे कंपनी सांगते. ओढ्याला पाणी पुरवणारे झरे याच भूजलावर जगतात, हे जमातीचे उत्तर आहे.