पात्याला पाणी, पाण्याने गंज

शनिवारी रात्री दादर स्थानकात कसारा आणि कर्जतच्या उशिराच्या लोकलची वाट पाहणारे ट्रेकरचे घोळके दिसतात. पाठीवर सॅक, पायात चिखल खाल्लेले बूट आणि सॅकच्या एखाद्या कप्प्यात घडीचा चाकू. दोरी कापायला, कांदा चिरायला, काकडी सोलायला तो लागतोच. पूर्वी रस्त्यावर मिळेल तो चाकू चालत असे. आता हौशी मंडळी त्यासाठी काही हजार रुपये मोजतात. अशा चाकूच्या पात्यावर ‘डी २’, ‘४४०सी’, ‘एस३०व्ही’ अशी अक्षरे कोरलेली असतात. पावसाळ्यातले दोन-तीन ट्रेक झाले की त्याच पात्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि ‘स्टेनलेस म्हणून सांगितले आणि फसवले’ अशी तक्रार सुरू होते. बहुतेक वेळा त्यात फसवणूक नसते. त्या अक्षरांमागचे रसायनशास्त्र कोणी समजावून सांगितलेले नसते, एवढेच.

पात्याकडून तीन गोष्टी हव्या असतात. धार टिकावी, पाते तुटू नये आणि गंजू नये. अडचण अशी की यातला एक गुण वाढवला की दुसरा सहसा कमी होतो. पोलाद निवडणे म्हणजे या तिघांपैकी कोणाला किती द्यायचे हे ठरवणे.

पाणी म्हणजे काय?

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. पात्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते दीड टक्का असतो. पण नुसत्या कार्बनने पाते कठीण होत नाही. लोहार पाते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. साध्या कार्बन पोलादासाठी हे तापमान आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्या तापमानाला कार्बनचे अणू लोखंडात विरघळतात. पाते झटकन थंड केले की त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते आतच अडकतात, लोखंडाच्या अणूंची रचना ताणली जाते आणि पोलाद अतिशय कठीण होते.

असे पाते काचेसारखे ठिसूळही असते. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून थोडे नरम करतात. लोहार हे काम पात्यावर चढणाऱ्या पिवळसर छटेवरून ओळखतो, कारखान्यात ते भट्टीच्या काट्यावर होते. एकाच पोलादाचे दोन चाकू घेतले तरी पाणी कसे दिले यावरून ते पूर्ण वेगळे वागू शकतात. चांगल्या घडीच्या चाकूचे पाते रॉकवेल ‘सी’ मापावर साधारण ५९ ते ६२ भरते. घरातल्या साध्या सुऱ्या त्याहून बऱ्याच नरम असतात.

क्रोमियम कुठे जाते?

१९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले पोलाद तयार केले आणि न गंजणाऱ्या सुरीचा मार्ग मोकळा झाला. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार करते. ओरखडा पडला तरी हा थर आपोआप भरून येतो. त्यासाठी साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागते.

मग ‘डी २’मध्ये बारा टक्के क्रोमियम असूनही ते गंजते कसे? कारण त्यात कार्बनही दीड टक्का आहे. कार्बन आणि क्रोमियम एकत्र येऊन कार्बाइडचे कठीण कण बनवतात. या कणांमुळे धार छान टिकते, पण त्यात अडकलेले क्रोमियम गंजापासून राखण करायला मोकळे राहत नाही. म्हणजे डब्यावरचा क्रोमियमचा आकडा महत्त्वाचा नाही, त्यातले मोकळे किती हे महत्त्वाचे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२१ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेले ‘मॅग्नाकट’ हे पोलाद. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी ते खास चाकूंसाठी आखले. त्यात क्रोमियम १०.७ टक्केच आहे. जुन्या ‘एस३०व्ही’मध्ये ते १४ टक्के असते. तरीही मॅग्नाकट कमी गंजते, कारण त्यात कठीण कण बनवण्याचे काम व्हॅनेडियम आणि नायोबियमकडे दिले आहे आणि क्रोमियम जवळजवळ सगळे मोकळे आहे.

मुंबईत हा हिशेब अधिक कडक होतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मीठ असते आणि मिठातला क्लोराइड क्रोमियमच्या थरालाच भोके पाडतो. त्यात घडीच्या चाकूचा सांधा ही ओल धरून ठेवणारी जागा. खिशातला घाम, कैरीचा रस, लिंबू हे सगळे तिथे साचते. गिरगावातल्या घरात वरचेवर वापरून, पुसून ठेवलेली लोखंडी विळी वर्षानुवर्षे टिकते आणि महागडा चाकू ओला मिटून ठेवल्यास आठवड्यात डागाळतो, तो यामुळेच. कच्ची केळी चिरताना विळी काळी पडते, तो मात्र गंज नव्हे. केळीतले टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाचा तो काळा रंग असतो, जुन्या शाईत असायचा तसाच. तो निरुपद्रवी असतो.

धार लावताना

सायकलवर चाक बसवून लालबाग-परळच्या गल्ल्यांतून फिरणारा धारवाला साध्या सुरीला पाच मिनिटांत कामाची करतो. पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेचा पातळ कडा क्षणात तापतो. तो निळा पडला तर समजावे की तिथले पाणी उतरले. मग धार लावूनही लगेच बोथट होते. महाग चाकू फिरत्या चाकाला देऊ नये. घरीच दगडावर, पाणी घालत, सावकाश धार लावावी.

व्हॅनेडियम जास्त असलेल्या पोलादांना साधा दगड पुरत नाही. व्हॅनेडियम कार्बाइडचे कण दगडातल्या कणांहून कठीण असतात, तिथे हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी महागाच्या मागे न लागता ‘१४सी२८एन’सारखे स्वीडिश पोलाद घ्यावे. त्यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन असतो. धार किंचित लवकर जाते, पण गंज कमी चढतो आणि साध्या दगडावर धार पटकन लागते. कोकणच्या किनाऱ्यावर, होडीत वापरायचा असेल तर कार्बनऐवजी नायट्रोजनवर भर असलेले ‘एलसी२००एन’ अधिक योग्य.

बोथट पाते आणि बोट

धारदार पात्याची भीती वाटते, पण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो. ते टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि थेट बोटावर येते. घडीच्या चाकूत आणखी एक धोका असतो. पात्याला उघडे धरून ठेवणारी कळ सैल झाली तर जोर देताना ते बोटांवर मिटते. विकत घेताना पोलादाइतकीच ही कळही तपासावी.

गंजलेल्या पात्याने कापले की धनुर्वात होतो, हा समज अर्धाच खरा आहे. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जिवाणू माती, धूळ आणि शेणात बीजाणूंच्या रूपात असतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. गडावर चिखलात पडलेला चकचकीत चाकूही तितकाच धोक्याचा. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, दाबून रक्त थांबवावे. आपल्याकडे मुलांना १० आणि १६ व्या वर्षी ‘टीडी’ लस देतात. त्यानंतर मोठ्यांना ती आठवत नाही. शेवटचा डोस घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा जखम मळकी, खोल असून पाच वर्षे झाली असतील, तर डॉक्टरांना विचारून डोस घ्यावा. बोट बधिर झाले किंवा वाकेनासे झाले तर नस अथवा स्नायूबंध कापला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी हळद दाबत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

ट्रेकवरून परतल्यावर बूट धुतले जातात, सॅक उन्हात पडते. त्याच वेळी चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवावा, सांधा कोरडा करावा आणि तिथे खाद्यतेलाऐवजी खनिज तेलाचा एक थेंब सोडावा. खाद्यतेल काही दिवसांत चिकट होते. एवढी दोन मिनिटे देता येत असतील तर मध्यम किमतीचे पोलादही अनेक पावसाळे काढते.