मुस्तफा नेमका कुणाचा?

नव्वदच्या दशकात पनवेलात वाढलेल्या कुणालाही ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आठवतो का, असं विचारून बघा. बहुतेक जण नाही म्हणतील. ‘मुस्तफा’ म्हणा, की गडी सुरूच होतो: पिवळी टोपी, पळत येऊन घातलेली लाथ, मधल्या एका स्टेजला चालवायला मिळणारी गाडी आणि मागे उभं राहून ‘खाणं उचल, लाईफ भर’ असं ओरडणारी पोरं. स्टँड, टॉकीज, कॉलेज, जिथे म्हणून पोरांचा वेळ वाया जाण्याची सोय होती तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर असायचं, आणि पार्लर म्हटलं की एक मशीन मुस्तफाचं.

गेम जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. खेळायला चार पात्रं, त्यातला एक मुस्तफा कैरो. आपल्याकडे ज्याला त्याला तोच हवा असे, म्हणून अख्ख्या गेमला त्याचं नाव पडलं. मूळ कथा मात्र कॅपकॉमची नव्हे. ती मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली. कॅडिलॅक हे नाव तर जनरल मोटर्सचं. म्हणजे प्रोग्राम एकाचा, पात्रं दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचं. हे तिघे पुन्हा एका कागदावर सही करत नाहीत तोवर गेम बाजारात येणं कठीण. कॅपकॉमने २०१८ साली आपले मारामारीचे सात जुने गेम एकत्र बांधून विक्रीला काढले, त्यात मुस्तफा नव्हता. पैसे देऊन रीतसर घ्यायचा म्हटलं तरी तो मिळत नाही.

आणि तरीही तो आज हजारो फोनांत आहे. हे कसं झालं, त्याची सुरुवात १९९७ सालात आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने तेव्हा ‘मेम’ नावाचा इम्युलेटर लोकांसमोर ठेवला. पार्लरच्या मशीनमधला प्रोसेसर, आवाजाची चिप, पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा, या सगळ्यांचं वागणं हा प्रोग्राम साध्या कॉम्प्युटरवर हुबेहूब वठवतो. गेम स्वतः मात्र वेगळा लागतो. बोर्डावरच्या चिपांमधला मजकूर वाचून त्याच्या फायली केल्या जातात, त्यांना रोम म्हणतात. मेमला आज मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आहे. रोमला तसला कुठलाच परवाना नाही. भांडण आहे ते या दुसऱ्या भागाचं.

इम्युलेटर लिहिणं गुन्हा नाही, हे अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील न्यायालयाने २००० साली जवळजवळ स्पष्टच केलं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२ मध्ये, एका प्रोग्रामशी दुसरा स्वतंत्र प्रोग्राम जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायला मुभा आहे. त्याच कलमात आणखी एक सवलत आहे: स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून, बिगर-व्यापारी खासगी वापरासाठी, प्रोग्रामची प्रत करता येते. जुन्या गेमांचे शौकीन हिचाच आधार घेतात. गेमची कॅसेट मी विकत घेतली होती, मग फाईल उतरवून घेतली तर बिघडलं कुठे?

हा युक्तिवाद अमेरिकेत किंवा जपानात थोडाफार तरी उभा राहील. पनवेलात तो पहिल्याच पायरीवर घसरतो, कारण आपल्याकडे अस्सल प्रत होती कुणाकडे? घरोघरी टीव्हीला जोडलेली ती गेमची यंत्रं बहुतांश निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि ‘९९९९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटमध्ये तेच पाच-दहा गेम वेगवेगळ्या नावांनी फिरत असत. पार्लरमधले कित्येक बोर्डही चोरीच्या छपाईचे. मेमच्या यादीत मुस्तफाच्या अस्सल आवृत्त्यांबरोबर असे नकली बोर्डही स्वतंत्रपणे नोंदवलेले आहेत, आणि माझ्या मते ती नोंद फार मोलाची आहे, कारण आपण जो खेळलो तो बहुधा त्यातलाच एखादा. आपली आठवणच मुळात नकली मालाची आहे. ती जपायचा हक्क कुठल्या पावतीवर सांगायचा?

पण पावती नाही म्हणून जपणं चुकीचं ठरतं, असंही नाही. त्या सुमाराच्या कॅपकॉमच्या बोर्डांत एक छोटी बॅटरी असे. नकला होऊ नयेत म्हणून प्रोग्रामचा काही भाग सांकेतिक करून ठेवलेला, आणि तो उलगडायची किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर स्मृतीत टिकलेली. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि बोर्ड मेला. शौकिनांनी हे संकेत फोडले नसते तर कंपनीच्या स्वतःच्या कुलपानेच कंपनीचे गेम संपवले असते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत तिथले ८७ टक्के जुने गेम बाजारात उपलब्धच नसल्याचं दिसून आलं. बाजाराने टाकून दिलेलं कुणीतरी उचलून ठेवतो, त्याला सरसकट चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फक्त ‘टाकून दिलेला’ हा निकाल आपणच लावायचा का, हा प्रश्न उरतोच. मुस्तफाच्याच वर्षी, त्याच कंपनीने मार्व्हलच्या पात्रांवर ‘द पनिशर’ काढला होता. तोही हक्कांच्या गुंत्यात अडकून वर्षानुवर्षं बेपत्ता होता. २०२४ मध्ये कॅपकॉम आणि मार्व्हलचं जमलं आणि तो एका संग्रहातून रीतसर विक्रीला आला. तीस वर्षं बेवारस दिसणाऱ्याला असा अचानक वारस भेटतो. त्या दिवसापासून पनिशरची फुकट फाईल वाटणं म्हणजे सरळसरळ कुणाची तरी विक्री बुडवणं.

आणि मग ते गेम स्टिकवाले. टीव्हीच्या मागे खोचायची काडी, खोक्यावर ‘१०,००० गेम्स’, ऑनलाइन आणि मोबाईलच्या दुकानांत हजार-दोन हजारांत मिळते. आत मेमसारखेच फुकटचे इम्युलेटर, वर परवान्याशिवाय भरलेले रोम. प्रोग्राम लिहिणाऱ्याला पैसा नाही, गेम करणाऱ्याला नाही, नफा सगळा विकणाऱ्याचा. कायद्यालाही हा फरक कळतो. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. पण वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडायची मुभा न्यायालयाला आहे. गुन्हा दोघांचाही. तरी स्वतःपुरता मुस्तफा खेळणारा आणि काड्या विकणारा यांना मी एका रांगेत उभं करणार नाही.

कॉपीराइटची मुदत संपायची वाट पाहावी, तर गेम कंपनीच्या नावाने निनावी धरला तरी साठ वर्षांच्या हिशेबाने २०५३ अखेर उजाडते. मालक सापडत नसलेल्या कृतीसाठी कलम ३१ अ खाली सक्तीचा परवाना मागता येतो, पण इथे कॅपकॉम ओसाकात व्यवस्थित कार्यालय थाटून बसली आहे.

राहता राहिली वाचनालयं. बिगर-व्यापारी सार्वजनिक वाचनालयाला जपणुकीसाठी एखाद्या कृतीची डिजिटल प्रत ठेवायची परवानगी २०१२च्या दुरुस्तीने दिली. अट एकच: वाचनालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत हवी. पुस्तकाची असते. गेमची चिप तर जन्मतःच डिजिटल. उद्या कुणी पनवेलकराने पार्लरमधला जुना बोर्ड वाचनालयाला भेट दिला, तर तो काचेच्या कपाटात ठेवता येईल, मात्र या कलमाच्या आधारे त्यातल्या चिपांची प्रत काढून ठेवता येईल असं वाटत नाही. बोर्डातली बॅटरी तोवर उतरतच राहणार.