अंबादेवीचा दरवाजा, वऱ्हाडचा कापूस आणि हेगेल : इतिहास खरंच स्वातंत्र्याकडे जातो का?

"जमाना बदलला भाऊ, आता कुठे राहिली जातपात?" अशी कमेंट तुम्ही कुठल्या तरी पोस्टखाली वाचली असेलच. कदाचित स्वतः लिहिलीही असेल. या एका वाक्याच्या पोटात एक मोठं तत्त्वज्ञान लपलेलं आहे : काळ पुढे जातो तसा माणूस मोकळा होत जातो. हा विचार सगळ्यात ठासून मांडला तो बर्लिनमधल्या एका प्राध्यापकाने, आणि तो तपासून बघायला अमरावती-अकोल्याइतकी चांगली जागा क्वचितच मिळेल.

प्राध्यापकाचं नाव हेगेल. १८२२ पासून त्याने जगाच्या इतिहासावर व्याख्यानं दिली. तो वारला १८३१ मध्ये आणि व्याख्यानांचं पुस्तक निघालं १८३७ मध्ये. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पूर्वेकडच्या जुन्या राज्यांत एकच माणूस स्वतंत्र होता, तो म्हणजे राजा. ग्रीक-रोमनांच्या काळात काही जण स्वतंत्र झाले, बाकीचे गुलामच राहिले. आणि युरोपातल्या ख्रिस्ती जगाला कळलं की माणूस हा माणूस म्हणूनच स्वतंत्र असतो, म्हणजे सगळेच स्वतंत्र. जगाचा इतिहास म्हणजे ही जाणीव वाढत जाण्याची गोष्ट.

इथे एक खुलासा करायला हवा. हे सगळं आपोआप, गोडीगुलाबीने होतं असं हेगेल म्हणत नाही. उलट इतिहासाला तो बळी देण्याचा ओटा म्हणतो. माणसं आपापल्या स्वार्थासाठी भांडतात, मरतात, आणि त्यांच्या नकळत मोठा हेतू साधला जातो, असा त्याचा हिशोब. स्वातंत्र्य म्हणजे मन मानेल तसं वागणं, असंही तो मानत नाही. जे कायदे आणि संस्था माणसाला आपल्या वाटतात, त्यांत त्याचं स्वातंत्र्य असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग यात भारत कुठे? जवळजवळ बाहेरच. हेगेलने जातिव्यवस्थेवर बोट ठेवलं, ते बरोबरच होतं : माणसांनी केलेले भेद इथे निसर्गाने केल्यासारखे गोठले, असं तो म्हणाला. पण त्यावरून त्याने निष्कर्ष काढला तो असा, की भारताला खरा इतिहासच नाही. भारतात त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

आता वऱ्हाडात या. २१ मे १८५३ रोजी निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनला बसून कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रासाठी भारतावर लेख लिहिला. मार्क्स हा हेगेलच्याच विचारात वाढलेला. त्याने लिहिलं, की इंग्रज गिरणीमालकांना भारतात रेल्वे हवी आहे ती फक्त कापूस स्वस्तात न्यायला. पण हीच रेल्वे इथे आधुनिक उद्योग आणेल आणि जातींवर आधारलेली जुनी कामवाटणी मोडेल. मात्र या बदलाची फळं भारतीयांना कधी मिळतील? इंग्लंडमधले कामगार सत्तेवर येतील तेव्हा, किंवा भारतीय स्वतः इंग्रजांचं जोखड फेकून देतील तेव्हा, असंही त्याने सोबत बजावलं होतं.

रेल्वे आली. १८६७ पर्यंत रूळ भुसावळहून अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचले. पण त्याआधीच मोठा चमत्कार होऊन गेला होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने बंद झाली, आणि इकडे भाव कोसळले. म्हणजे जगाच्या इतिहासाने तिकडे स्वातंत्र्याकडे एक भलं मोठं पाऊल टाकलं, त्याच वेळी इथला शेतकरी लंकेशायरच्या भावाला आणि सावकाराच्या वहीला बांधला गेला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात रेल्वे होती, बाजार होता, कापसाच्या गाठीही होत्या. तरीही माणसं भुकेने मेली. हेगेलच्या ओट्यावर कुणाचा बळी जातो, हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही.

अमेरिकेतल्या त्या मुक्तीकडे पुण्यातून एक माणूस फार बारकाईने बघत होता. जोतीराव फुले यांनी १८७३ चं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पण त्यांच्या इतिहासाचा जिना हेगेलसारखा खालून वर जात नाही. बळीराजाच्या काळी स्वातंत्र्य होतं, ते हिरावलं गेलं, आता ते परत मिळवायचं आहे, अशी त्यांची मांडणी. मला स्वतःला ही मांडणी जास्त सावध वाटते. जे एकदा हिरावलं गेलं ते पुन्हाही हिरावलं जाऊ शकतं, याचं भान तिच्यात आहे.

आणि आता अंबादेवी. रुक्मिणी इथूनच श्रीकृष्णासोबत गेली, अशी अमरावतीची आख्यायिका. म्हणजे आपल्या मनासारखं लग्न करायला निघालेल्या मुलीचं हे देऊळ. १९२७ मध्ये मात्र अस्पृश्यांना तिथे प्रवेश नव्हता. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. अमरावतीला ठरलेला सत्याग्रह मात्र लगेच झाला नाही. पंचांशी बोलणी व्हावीत म्हणून तो पुढे ढकलला गेला.

'थोडं थांबा, काळ बदलतोय' हे वाक्य प्रगतीच्या तत्त्वज्ञानातून किती सहज निघतं बघा! थांबायला मात्र नेहमी त्यालाच सांगितलं जातं, ज्याच्यासाठी दरवाजा बंद आहे.

या लढ्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा नुकताच परदेशात शिकून आला होता. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचं काम हाती घेतलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं.

इथे हेगेलला त्याचं श्रेय द्यायला हवं. स्वातंत्र्य मनात असून भागत नाही, ते कायद्यात उतरावं लागतं, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं. आंबेडकर आणि पंजाबराव दोघेही संविधान सभेत होते, आणि कलम १७ ने अस्पृश्यता संपूर्ण देशात रद्द केली. पण जिना फक्त वरच जातो, हे आंबेडकरांना मान्य नव्हतं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी सभेला आठवण करून दिली की या देशाने आपलं स्वातंत्र्य पूर्वी एकदा गमावलं आहे, तेही आपल्याच लोकांच्या फितुरीमुळे. तसं पुन्हा होईल का, याची चिंता त्यांनी भर सभागृहात बोलून दाखवली.