नांदूरघाटात उघडलेला कयानीचा खोका

परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात राहिलेलं पोरगं सुट्टीला नांदूरघाटला आलं, की बॅगेत पुस्तकं असोत-नसोत, कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांचा खोका लागतो. झाकण उघडलं की आधी लोण्याचा वास येतो, मग तळाशी साचलेला चुरा दिसतो. केजपर्यंत एसटीने किती आदळआपट केली, ते त्या चुऱ्यावरून कळतं. पण चुराही वाया जात नाही. तो चहात टाकून चमच्याने खायचा, आणि त्यासाठी भावंडांत भांडायचं.

बिस्कीट इतकं भुसभुशीत का? लोणी भरपूर असतं. ते मैद्याच्या कणाकणाला चिकटतं, त्यामुळे पिठात चिवटपणा येतच नाही. चपातीच्या कणकेच्या अगदी उलटा हिशेब!

पुण्याच्या कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली खोदायार आणि होर्मझदियार या इराणी भावांनी ही बेकरी काढली. पारशी आणि इराणी एकच, असं आपण समजतो. धर्म एकच, जरथुष्ट्राचा. पण पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले आणि इराणी आले एकोणिसाव्या-विसाव्या शतकात. कयानी हे फिरदौसीच्या 'शाहनाम्या'तल्या राजघराण्याचंही नाव. म्हणजे नाव इराणच्या राजांचं आणि बिस्कीट इंग्रजांचं!

कारण श्रूजबेरी हे इंग्लंडमधलं गाव. तिथे 'केक' म्हणवणाऱ्या या बिस्किटाची कृती १६५८ सालच्या एका पाकपुस्तकात सापडते. गावात मात्र पाटी आहे, की १७६० साली पेलिन नावाच्या माणसाने हे केक इथे पहिल्यांदा केले. शंभर वर्षं आधीच छापलेल्या पदार्थाचा 'पहिला' कर्ता! पाटी लावायची हौस फक्त आपल्याकडेच नाही. गावाचं नाव 'श्रोझबरी' की 'श्रूझबरी', यावर तिथल्या लोकांचंही एकमत नाही. तेव्हा आपल्या 'सुजबेरी'ला कुणी हसू नये.

बिस्किटांना इतकी मागणी असूनही कयानीच्या घराण्याने गावोगावी शाखा काढल्या नाहीत. मला तरी हे फार आवडतं. शाखा असती, तर सुट्टीला आलेल्या पोराच्या बॅगेभोवती कोण जमलं असतं?

पुण्याला गेलात, तर दुपारची वेळ आणि रविवार टाळून जा. तेव्हा दुकान बंद असतं. आणि परतताना खोका बॅगेत सगळ्यात वर ठेवा.