दार अडवले की युद्ध जिंकले?

विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या पुष्कळांच्या डोक्यात अंतराळद्वाराच्या लढाईचे एक ठरलेले चित्र असते. दोन ताऱ्यांना जोडणारे दार, अलीकडे तोफा रोखून बसलेले आरमार आणि पलीकडून एकेक करून येणारी, येताक्षणी उडवली जाणारी शत्रूची जहाजे. दार ज्याच्या ताब्यात तो अजिंक्य, हा यातला सर्वांत चिवट गैरसमज. दाराचे महत्त्व मोठे आहेच. पण निकाल ठरतो तो लेखकाने त्या दाराला घालून दिलेल्या नियमांवर.

लॅरी निवेन आणि जेरी पुर्नेल यांची ‘द मोट इन गॉड्स आय’ (१९७४) ही कादंबरी यासाठी बारकाईने वाचावी. मोटी या परग्रहवासीयांच्या सूर्यमालेतून बाहेर पडायची एकच वाट आहे आणि ती उघडते थेट एका लाल महाराक्षसी ताऱ्याच्या बाह्य थरांत. जहाजाभोवती ‘लँग्स्टन फील्ड’ नावाचे कवच असेल तरच तिथे निभाव लागतो. हे कवच उष्णता शोषून घेते. सुरुवातीला काळे असते, मग लाल, नारिंगी, पिवळे असे रंग चढत जातात आणि जांभळ्याच्याही पुढे गेले की कवच कोसळते, जहाजाची वाफ होते. त्यात दारातून उडी मारल्यानंतर काही काळ माणसांना आणि संगणकांनाही भोवळ आलेली असते. म्हणजे आत शिरणारा शत्रू पहिला गोळा झेलण्याआधीच भाजत असतो. मोटींनी उडीचे तंत्र पुन्हा पुन्हा शोधले, पण कवच नसल्याने गेलेले एकही जहाज परतले नाही.

इतकी अनुकूल जागा असूनही नाकेबंदी फुकट मिळत नाही. पहाऱ्यावरच्या जहाजांनाही त्याच आगीत तळ ठोकावा लागतो. हल्ल्याची वेळ निवडणार शत्रू. पहारेकऱ्याने मात्र वर्षानुवर्षे जागे राहायचे. १९९३च्या ‘द ग्रिपिंग हँड’मध्ये तर जवळच नवा तारा पेटतो, दुसरी वाट उघडते आणि नाकेबंदीचे सगळे गणितच कोलमडते.

हल्लेखोर आपला अख्खा ताफा एका दमात आत ओततो, हेही असेच गृहीत धरले जाते. डेव्हिड वेबरच्या ‘ऑनर हॅरिंग्टन’ मालिकेत एका वेळी किती वस्तुमान पलीकडे न्यायचे यावर मर्यादा आहे आणि जितके जास्त न्याल तितका जास्त वेळ ती वाट बंद राहते. मोठी लाट पाठवली की मागून कुमक नाही. लहान पाठवली तर दारावर पहारा देणाऱ्या किल्ल्यांच्या तोफांपुढे ती टिकत नाही. एका साध्या नियमातून सेनापतीपुढे खरा पेच उभा राहतो. या प्रकारातली ही मला सर्वांत नेटकी रचना वाटते.

दाराकडे फक्त लष्करी ठाणे म्हणून पाहिले की त्यातला व्यापार निसटतो. वेबरच्या मालिकेतल्या मँटिकोर राज्याची श्रीमंतीच तिथल्या जकातीवर उभी आहे, त्यामुळे दार बंद करणे म्हणजे आपलीच तिजोरी बंद करणे. लोइस मॅकमास्टर बुजोल्डच्या कथाविश्वात बरायार या ग्रहाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकमेव वाट कोमारमधून जाते. कोमारचे सत्ताधीश लाच घेऊन सेटागांडाच्या आक्रमकांना त्या वाटेने जाऊ देतात. पुढे बरायार कोमारच जिंकून घेते. इथे दार फुटले ते पैशाने.

अशी दारे, म्हणजेच वर्महोल, विज्ञानाने सिद्ध झाली आहेत, असेही सर्रास म्हटले जाते. तसे नाही. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये असा पूल कागदावर मांडला. कार्ल सेगनने ‘काँटॅक्ट’ कादंबरीसाठी विचारणा केल्यावर किप थॉर्न या प्रश्नाकडे वळले आणि १९८८ मध्ये त्यांनी व मायकेल मॉरिस यांनी प्रवासायोग्य वर्महोलचे गणित प्रसिद्ध केले. पण तो उघडा ठेवायला ऋण ऊर्जेचे द्रव्य लागते. तेव्हा दाराचे नियम लेखकालाच ठरवायचे आहेत.

त्यात काळाचा नियम बहुतेक जण विसरतात. व्हिएतनाममध्ये लढलेल्या जो हॉल्डमनच्या ‘द फॉरएव्हर वॉर’मध्ये उडी क्षणात होते, पण दारापर्यंतचा प्रवास प्रकाशाच्या जवळपास वेगाने करावा लागतो. त्यामुळे समोर आलेला शत्रू मागच्या शतकातली शस्त्रे घेऊन आला आहे की पुढच्या, हे शिबंदीला कळत नाही. नायक मँडेला आपले शेवटचे ठाणे लढवून परततो, तोवर युद्ध संपून दोनशेहून अधिक वर्षे झालेली असतात.