आधी गळा, मग पाच रेघा

स्टाफ नोटेशनचं पान पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला पाच रेघा आणि त्यांवर बसलेले काळे-पांढरे ठिपके दिसतात. बहुतेक क्लासांत इथूनच इंग्रजी अक्षरांची घोकंपट्टी सुरू होते: खालच्या रेघेपासून ई, जी, बी, डी, एफ. पोर ते आठवड्यात पाठ करतं. पुढे कित्येक महिने मात्र प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून रेघा मोजत राहतं. तोवर सूर कुठल्या कुठे निसटलेला असतो.

ही लिपी रुजली ती गाणाऱ्या मुलांसाठी. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्सोचे साधू ग्वीदो यांनी एक लॅटिन स्तोत्र घेतलं. त्याच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते. त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांतून उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावं आली. दहा वर्षांत न साधणारं गाणं वर्षा-दोन वर्षांत साधतं, असा ग्वीदोंचा दावा होता.

आधी गळ्यातून शिकवण्याची हीच वाट गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी धरली. तिथे आधी सोल्फेज, म्हणजे हाताने ताल धरत स्वर म्हणणं, व्हायोलिन नंतर. पुढे हिंदी चित्रपटसंगीतात नाव काढणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट हे सगळे गोव्याचे. संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल असे अरेंजर कागदावर उतरवत आणि वादकांचा ताफा ती समोर ठेवून वाजवी. संगीतकार प्यारेलाल गोन्साल्विसांकडेच व्हायोलिन शिकले.

आपल्या मुलांची खरी अडचण ‘सा’ची असते. पेटीवर काळी एक असो की पांढरी चार, सा आपण ठरवू तिथे. या पानावरचा सी मात्र जागा सोडत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगावं. भातखंडे लिपीत स्वर एकाच ओळीत लिहितात, मंद्र-तार ठिपक्यांनी कळतात. इथे सूर चढला की ठिपकाही डोळ्यांसमोर चढतो. म्हणून बोट ठेवून दाखवावं: रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागेत गेलं की एक पायरी, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं की एक सूर गाळून उडी. रेघांच्या सुरुवातीला काढलेल्या ट्रेबल क्लेफ या चिन्हाची गुंडाळी खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरते, तिथे जी. पाच रेघांच्या खाली स्वतःची छोटी रेघ घेऊन बसलेला तो मधला सी. एवढ्या दोन खुणा पक्क्या झाल्या की बाकीचे स्वर त्यांच्या शेजारून सापडतात.

तेव्हा शिक्षकांनो, मूल पियानोपाशी बसलं तरी पहिले काही आठवडे पट्ट्यांना हात लावू देऊ नका. चार ठिपके दाखवा आणि आधी गाऊन घ्या.