व्हिडिओ खेळांतील मद्य आणि विद्यार्थ्यांचे वर्तन

खेळ हा बालकाचा पहिला गुरू होय, हे प्राथमिक शिक्षकास निराळे सांगावयास नको. आट्यापाट्यांत मूल संघवृत्ती शिकते, सागरगोट्यांत हाताचे कौशल्य व गणती शिकते, आणि भातुकलीत तर मोठ्या माणसांचा सारा संसारच गिरविते. घरी जे घडते तेच खेळात उतरते. मूल खेळातून जगाचे अनुकरण करते, हे एकदा मान्य केले म्हणजे उलट प्रश्नही विचारणे प्राप्त होते. जगच जर त्याच्यापुढे खेळाच्या रूपाने मांडले गेले, तर मूल त्या खेळाचेही अनुकरण करील काय?

हा प्रश्न आज केवळ शहरापुरता राहिलेला नाही. मोबाईल खेडोपाडी पोहोचला आहे. शाळा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर वा पारावर चार मुले एका पडद्याभोवती डोकी जुळवून बसलेली दिसतात. त्या पडद्यावरील काही खेळांत गाड्या पळतात, काहींत लढाया होतात, आणि काहींत पात्रे मद्य पितात. अशा खेळांमुळे मुले दारूकडे वळतात काय, असे पालक शिक्षकांस विचारतात. यावर दोन टोकांची उत्तरे नेहमी ऐकू येतात. खेळाने मुले बिघडलीच, असे एक म्हणतो. खेळ तो खेळ, त्याचे काय एवढे, असे दुसरा म्हणतो. ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

खेळात मद्य कसे येते

व्हिडिओ खेळांतील मद्याचा इतिहास चाळीस वर्षांहून अधिक जुना आहे. १९८३ साली अमेरिकेत नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवर ‘टॅपर’ नावाचा खेळ आला. त्यात खेळणारा हा मद्यालयातील वाढपी असे. तहानलेली गिऱ्हाइके काउंटरच्या कडेने पुढे सरकत येत. ती टोकाशी पोहोचण्यापूर्वी त्यांच्याकडे बिअरचे भरलेले पेले सरकवावयाचे आणि परत येणारे रिकामे पेले झेलावयाचे, एवढाच तो खेळ. बडवायझर या बिअरचे चिन्ह त्यात झळकत असे, कारण ती बिअर तयार करणाऱ्या कंपनीने खेळास आश्रय दिला होता. मुलांपुढे मद्याची जाहिरात होते, असा त्यावर आक्षेप आला. तेव्हा १९८४ साली ‘रूट बिअर टॅपर’ या नावाने त्याची दुसरी आवृत्ती निघाली. रूट बिअर हे नावाने बिअर असले तरी ते मद्यविरहित गोड पेय आहे.

या उदाहरणातील बोध शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. पेले तेच राहिले, धावपळ तीच राहिली, खेळणाऱ्याचा आनंदही तोच राहिला. मद्य गेले म्हणून खेळाचे काहीच उणे झाले नाही. अर्थात मद्य तेथे खेळाच्या गरजेपोटी आलेले नव्हते, विक्रीच्या गरजेपोटी आलेले होते.

पुढील खेळांत मद्य निरनिराळ्या रूपांनी आले. कोठे ते केवळ नेपथ्य असते. भिंतीवर फलक, फळीवर बाटल्या. कोठे ते शक्तिवर्धक म्हणून येते. २००७ सालच्या ‘बायोशॉक’ या खेळात मद्य प्याल्याने नायकाची प्रकृती थोडी सुधारते, मात्र त्याची दुसरी एक शक्ती घटते व अतिरेक झाल्यास दृष्टी अंधुक होते. २००८ सालच्या ‘फॉलआउट ३’ या खेळात मद्याने बळ व प्रभाव वाढतो, बुद्धी कमी होते आणि व्यसनही जडू शकते. त्याच वर्षीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या खेळात नायक मित्रासह मद्यालयात जाऊन झिंगतो, पडदा डोलू लागतो, आणि त्या स्थितीत त्याला गाडीही चालविता येते. मनात आणल्यास टॅक्सीही बोलावता येते. मद्यपी वाहनचालकांविरुद्ध अमेरिकेत १९८० साली मातांनी स्थापिलेल्या संघटनेने या प्रसंगाचा निषेध केला आणि हा खेळ केवळ प्रौढांसाठीच्या वर्गात घालावा, अशी मागणी केली.

हे खेळ लहान मुलांसाठी केलेले नव्हेत. परंतु जे मुलांसाठी नाही ते मुलांच्या हाती पडत नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

संशोधन काय सांगते

या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी २०१२ व २०१३ या वर्षांत ब्रिटनमध्ये अधिक खपलेले ३२ खेळ तपासले. त्यांपैकी शेकडा ४४ खेळांत मद्य वा तंबाखू आढळली. त्यानंतर ११ ते १७ वयाच्या सुमारे १,१०० मुलांस प्रश्न विचारण्यात आले. असे खेळ खेळलेल्या मुलांनी मद्य वा धूम्रपान करून पाहिले असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट दिसून आली.

हा आकडा वाचून कोणीही चिंतित होईल. तथापि त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पावसाळ्यात छत्र्याही अधिक दिसतात आणि हिवतापाचे रोगीही अधिक दिसतात. म्हणून छत्रीने हिवताप होतो, असे कोणी म्हणत नाही. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे सिद्ध होत नाही. ज्या मुलावर घरात कोणाचे लक्ष नसते, ते प्रौढांचे खेळही खेळते व बाटलीपाशीही लवकर पोहोचते. जे मूल मुळातच धाडसाकडे ओढले जाते, त्याला दोन्हींचे आकर्षण वाटते. संशोधक वयादी गोष्टींचा हिशेब करतात, परंतु घराचे सारे वातावरण प्रश्नावलीत मावत नाही. शिवाय खेळ आधी की मद्य आधी, हेही एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून कळत नाही.

म्हणून चिंता निराधार आहे काय? तसेही नाही. १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते ६ वर्षांच्या ७२ बालकांवर एक प्रयोग केला. मोठे माणूस हवा भरलेल्या बाहुलीस मारीत आहे, असे दृश्य ज्यांनी पाहिले, त्या बालकांनी पुढे तशाच प्रकारे बाहुलीस मारले. २००९ साली नेदरलँड्समध्ये ८० तरुणांवर दुसरा एक प्रयोग झाला. त्यांना चित्रपट दाखविताना शेजारी पेये ठेवली होती. ज्यांनी मद्याची दृश्ये असलेला चित्रपट व मद्याच्या जाहिराती पाहिल्या, त्यांनी, ही दोन्ही न पाहिलेल्या तरुणांहून त्याच बैठकीत सरासरीने दीड पेला अधिक मद्य घेतले. हे तरुण प्रौढ होते आणि समोर होता तो चित्रपट, खेळ नव्हे. हा फरक विसरता कामा नये. तरीही डोळ्यांपुढील दृश्य हाताच्या हालचालीपर्यंत पोहोचते, एवढे त्यावरून दिसते.

सारांश असा, की खेळातील मद्य हे व्यसनाचे एकमेव कारण ठरविण्यास पुरावा नाही; परंतु अनेक प्रभावांपैकी तो एक असू शकतो, असे मानण्यास जागा आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे वागणे, सोबत्यांची संगत आणि दारूची सहज उपलब्धता हे प्रभाव त्याहून जवळचे आहेत. गावातील लग्नाच्या वरातीत वा निवडणुकीच्या रात्री जे दिसते, ते पाहण्यास मुलाला मोबाईलची गरज नसते.

खेळ जे सांगत नाही

खेळाचा खरा दोष तो काय दाखवितो यापेक्षा तो काय दाखवीत नाही, यात आहे. खेळात झिंगलेला नायक मिनिटभराने पूर्ववत चालू लागतो. गाडी आदळली तरी नवा डाव सुरू करता येतो. त्यात आठवड्याची मजुरी बुडत नाही, घरात चूल पेटावयाची राहत नाही, यकृत निकामी होत नाही, आणि रात्री दाराआड कोणी रडत नाही. किशोरवयात मेंदूची वाढ चालू असते आणि या वयात घेतलेले मद्य तिला अपायकारक ठरते, हेही खेळ सांगत नाही.

आपल्या खेड्यांतील मुलांस मात्र यांतील पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. महाराष्ट्रात अनेक गावी स्त्रियांनी दारूचे दुकान बंद करण्यासाठी ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान केले आहे. ज्या मुलाची आई अशा मतदानाच्या रांगेत उभी राहिली, त्याला खेळातील मद्याचे अपुरे चित्र पुरे करता येते. त्याच्याजवळ अनुभव आहे. त्या अनुभवास विचाराची जोड देणारा मनुष्य हवा. ते कार्य शिक्षकाचे होय.

हे कार्य निष्फळ नाही, यास आधार आहे. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिसरीच्या मुलांस जाहिराती कशासाठी केल्या जातात हे समजावून देण्यात आले. त्यानंतर जाहिरातीमागील हेतू त्यांस अधिक ओळखता आला, आणि मद्य प्याल्याने काही चांगले घडते, ही त्यांची समजूत उणावली. आठ-नऊ वर्षांचे मूलही दृश्यामागील हेतू ओळखू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

शिक्षकांनी काय करावे

(१) मुले कोणते खेळ खेळतात, ते रागे न भरता विचारावे. ज्या शिक्षकास मूल भिते, त्याच्यापासून ते खेळ लपविते. आणि लपविलेल्या गोष्टीवर बोलता येत नाही.

(२) मोबाईलच्या प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाखाली ३+, ७+, १२+, १६+ वा १८+ असा वयाचा अंक असतो. पालकसभेत तो पालकांस दाखवावा. अक्षरओळख नसलेल्या पालकासही अंक ओळखता येतो. मात्र खेळ तयार करणाऱ्याने भरून दिलेल्या प्रश्नावलीवर तो अंक ठरतो, म्हणून त्यावर सर्वस्वी विसंबू नये. नॉटिंगहॅमच्या अभ्यासातही खेळांत आढळलेल्या मद्याचा व तंबाखूचा उल्लेख युरोपातील वर्गवारी-संस्थेच्या सूचनांत नव्हता, असे दिसून आले होते.

(३) वर्गात उपदेशाऐवजी प्रश्न विचारावेत. खेळात कोण प्याले? पुढे त्याचे काय झाले? आपल्या गावात तसे घडले असते तर पुढे काय झाले असते? ती बाटली तेथे दाखविण्यात कोणाचा लाभ आहे? या चार प्रश्नांचा एक तास हा चार व्याख्यानांहून अधिक उपयोगी पडेल.

(४) कोणत्याही मुलास स्वतःच्या घराविषयी वर्गासमोर बोलावयास लावू नये. ज्याचे वडील पितात, असे मूल बहुतेक प्रत्येक वर्गात असते. इतरांना धडा मिळावा म्हणून त्याची मान खाली जावी, हे शिक्षण नव्हे. ते मूल स्वतः होऊन काही सांगू लागल्यास एकांतात, शांतपणे ऐकून घ्यावे.

(५) मोबाईल नको म्हणताना त्याऐवजी काय, हेही दाखवावे. शाळा सुटल्यावर अर्धा तास मैदान मोकळे ठेवून लंगडी, खो-खो वा कबड्डी यांचा डाव मांडला, तर पारावरील घोळका आपोआप पातळ होतो.

(६) शिक्षकाचे स्वतःचे आचरण हा गावातील सर्वांत वाचला जाणारा धडा आहे. खेळातील नायकाचे अनुकरण मूल करील की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद असतील; गुरुजींचे व बाईंचे अनुकरण ते करते, याविषयी मतभेद नाही.

खेळातील बाटली हाताने काढून घेणे शिक्षकाच्या सत्तेतील नाही. परंतु ती बाटली पाहणाऱ्या डोळ्यांस पारख देणे त्याच्या सत्तेत आहे. पडद्यावरील डाव हरला तर पुन्हा मांडता येतो, घरातील डाव तसा मांडता येत नाही, एवढे जरी मुलाच्या मनावर ठसले तरी शाळेने आपले काम केले असे होईल.